भोवरा पडेपर्यंत

"ताई, उद्यापासून मी शिकवणीला येणार नाही. गावी जाते, अकोटला. तिथेच बीए करीन."

कॉलेजच्या मदत केंद्रात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र समजावते. प्रयोग दाखवायला हातात घेतलेला भोवरा मी टेबलावर ठेवला. "अगं, पुण्यात येऊन तीनच महिने झालेत. मार्कही सुधारतायत तुझे!"

"मार्कांचं नाही." ती शब्द जपून निवडत होती. "इथे प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात तपासावं लागतं. कुणी हसेल म्हणून. घरी तसं नसतं."

मी मूळची तिकडचीच, अकोल्याची. इथे आल्यावर माझ्या वऱ्हाडी 'काहून'वर, म्हणजे साध्या 'का'वर, वर्ग हसला, त्या दिवसापासून मीही तपासूनच बोलत आले. आईशी फोनवरसुद्धा.

मी भोवऱ्याला दोरी गुंडाळून तो फिरवला. "पाह्य बरं. हा जवालोक फिरून राह्यला, तवालोक पडत नाई. काहून?"

ती दचकली, मग पोट धरून हसली. वऱ्हाडीतच घडाघडा बरोबर उत्तर दिलं तिने.

"ताई, अजून एकडाव सांगा ना."

"उत्तर तर आलं तुले!"

"तरी सांगा. मंग उद्या येतो मी."

भोवरा केव्हाच आडवा झाला होता. मी पुन्हा दोरी गुंडाळू लागले, सावकाश. मलाही अजून बोलायचं होतं.