तीनदा दिलेला बॉल

चंदरच्या पोटातलं पाणी काढून झालं होतं, तरी तो डोळे उघडत नव्हता. कुंडलिकने त्याला पालथं घातलं, पाठ चोळली, पुन्हा उताणं केलं. मग छातीला कान लावून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. कान उचलला की खरं काय ते मान्य करावं लागणार होतं.

भातसा नदीच्या डोहावरच पोरांचा खेळायचा माळ होता. ओरडा ऐकून कुंडलिक आसनगावच्या वाटेवरून धावत आला आणि त्याने चंदरला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. बाकीची पोरं घाबरून गावाकडे पळाली होती. नवसू तेवढा थांबला होता. कातकरवाडीतला तो बारा वर्षांचा पोरगा नखशिखांत भिजला होता आणि त्याने बास्केटबॉल पोटाशी धरला होता.

वाल्मिक भाताची राखण सोडून आला. चंदर त्याचा एकुलता एक. म्हणूनच त्याला कधी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. वाल्मिकने पोराचे गाल थापटले, दोनदा हाक मारली. मग त्याची नजर नवसूच्या ओल्या अंगाकडे गेली. तू पाण्यात होतास का, असं त्याने विचारलं.

नवसूने घडलं तसं सांगितलं. बॉल उतारावरून डोहात गेला. चंदर आणायला उतरला आणि शेवाळावरून घसरला. नवसूने मागोमाग उडी टाकली, चार हात मारले आणि त्याच्याजवळ पोचला.

"मंग धरला का नाय त्याला?"

"बॉल दिला ना," नवसू म्हणाला. "तीनदा दिला. त्याच्या हातातना निसटला."

"बॉल कसला देतोस? केस धरायचे, हात धरायचा."

"त्याला शिवायचा नाय. शिवला तं आठ दिस भायेर बसवतात."

वाल्मिकला त्या घटकेला काही कळेना. कुंडलिकला मात्र सगळं कळलं.

कुंडलिक कसाऱ्याला रेल्वेत फिटर होता. तिथल्या वसाहतीतला खेळ पाहून त्याने जुना बॉल मागून आणला आणि बॉल टाकायला पिंपाचं लोखंडी कडं ऐनाच्या झाडाला ठोकलं. गावातली आणि वाडीतली पोरं त्याला एकत्र खेळवायची होती. माळ वाल्मिकचा. त्याने जागा दिली, पण कातकऱ्याच्या पोराचा हात माझ्या पोराला लागता कामा नये, असं बजावून. कुंडलिक हसून म्हणाला होता की हुतूतूचं सोडा, या खेळात अंगाला हात लावणं हाच फाउल. वाल्मिकची खात्री पटावी म्हणून त्याने पदरचा आणखी एक नियम जोडला. हात लागला की आठ दिवस खेळ बंद. आणि बाहेर बसायची ती कायम वाडीतलीच पोरं. आपण गावाला कसं गुंडाळलं, याचं त्याला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

श्रावणात नवसूचं कोपर चंदरला लागलं. पुढचे आठ दिवस नवसू रोज येऊन ऐनाखाली बसला आणि दुसऱ्यांचा खेळ बघत राहिला. पोराला काय शिस्त लागली, असं कुंडलिक कसाऱ्याच्या सोबत्यांना सांगत होता. माळ कुठे संपतो आणि नियम कुठे संपतो, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

वाल्मिकने काठी उचलली. नवसू पळाला नाही. त्याने डोळे मिटले आणि बॉल आणखी घट्ट धरला.

गाव आता येणारच होतं. कातकऱ्याच्या पोराने माझं पोर बुडवलं, एवढं एक वाक्य वाल्मिकच्या तोंडून निघालं असतं, तर रात्रीपर्यंत वाडीत एक खोपट उभं राहिलं नसतं. गप्प बसलं तर आपल्याला कोणी काही विचारणार नाही, हेही कुंडलिकच्या मनात येऊन गेलं. स्वतःची लाज वाटली तसा तो उठला आणि काठीखाली जाऊन उभा राहिला.

"त्याला मी शिकवलंय, काका," तो म्हणाला. "आनि मला तुमी."

काठी वरच राहिली. मग वाल्मिकने ती टाकून दिली आणि तो पोराशेजारी चिखलात बसला.

माळाच्या पलीकडून चंदरची आई रंभा धावत येताना दिसली. तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता, मागून बायका तिला धरायला पळत होत्या. वाल्मिक गडबडून उठला. आईने पोराला असं चिखलात बघू नये, वर कोरड्यावर न्यायला हवं, असं तो म्हणाला. कुंडलिकने चंदरच्या काखेत हात घातले. वाल्मिक पाय उचलायला गेला, पण ओले पाय त्याच्या हातातून निसटून पुन्हा चिखलात पडले. त्याने दुसऱ्यांदा उचलून पाहिले, तरी जमेना.

"नवसू," तो म्हणाला, "पाय धर रं त्याचे."

नवसूने बॉल खाली ठेवला. ओले हात ओल्या चड्डीला पुसले. तो वाकला, आणि त्याचे हात चंदरच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबले. त्याने मान वर करून कुंडलिककडे पाहिलं.

"दादा," त्याने विचारलं, "शिवू?"