दोन मिस कॉल

जहांआरा मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा चाळून संपवला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर बसलेली शालू खुर्चीत पुढं सरकली.

डिजिटल माध्यमं आणि दुष्काळी गाव, हा तिचा विद्यापीठातल्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी कन्नडजवळच्या आपल्याच वाडीत ती भर उन्हात घरोघर फिरली होती. चाळीस बायांना एकच प्रश्न विचारला होता, फोनवर काय काय वापरता? चाळीस जणींनी हात झटकले. त्यात शेळ्यांमागं हिंडणारी तिची आई मंजुळाबाईही होती. तिनं तर लेकीलाच वेड्यात काढलं होतं. "आमी कशाचं वापरतोय? आमी तर फोन उचलीतबी नाय."

रकान्यात चाळीस शून्यं पडली होती.

"शालू, यातून प्रबंध उभा राहत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. शहरात नव्या सोसायट्या उठल्यात, त्यांच्या ग्रुपवर पाण्यावरून रोज जुंपते, तो विषय घे, असं त्यांनी सुचवलं. विषय खरंच चांगला होता. पण मग आपली वाडी कुठल्याच कागदावर येणार नव्हती, आणि शालू त्यासाठीच तर इथवर आली होती. नाइलाजानं ती हो म्हणणार, एवढ्यात टेबलावरचा तिचा फोन थरथरला आणि थांबला. पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. शालूचा चेहरा एकदम खुलला.

घे की फोन, मॅडम म्हणाल्या.

"उचलायचा नसतो, मॅडम. आईचा आहे. एक मिस कॉल म्हणजे टँकर विहिरीवर आला. दोन म्हणजे आपल्याला पाणी मिळालं. मी इथं घोर करू नये, म्हणून रोज कळवते."

एकटी आईच असं करते का, मॅडमनी विचारलं.

"नाय, सगळी वाडीच. जिला टँकर दिसला ती दुसरीला देते, दुसरी तिसरीला. रानातल्या बाया धा मिनटांत घागरी घेऊन विहिरीवर. कुणीच उचलत नाय, म्हणून तर..."

शालू बोलता बोलता थांबली. मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला आणि गठ्ठा तिच्याकडं सरकवला.

"बायांचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न तुझा चुकला. परत जा, नीट विचारून ये. विषय हाच राहील."

शालू धावतच बाहेर आली. आज मॅडमकडं फैसला आहे, हे आईला ठाऊक होतं. मेसेज पाठवावा तर आईला वाचता येत नव्हतं. शालूनं नंबर लावला, एकदा वाजू दिला, कट केला. मग पुन्हा लावला आणि पुन्हा कट केला.

तिकडं विहिरीवर मंजुळाबाईनं भरली घागर खाली ठेवली. कमरेचा फोन दोनदा वाजून थांबला होता. अजून थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग शेजारच्या द्वारकाबाईला म्हणाली, "लेकीला पाणी मिळालं."