शेवटचा हात

चढावर काळा धूर ओकत धापा टाकणारी डिझेल गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजमध्ये परत आली. स्कॅनरवर पुन्हा तेच: हवा मोजणारा सेन्सर चुकतोय. काढून बघते तर त्याच्या केसाएवढ्या तारेवर तेल. परवाच तर धुऊन बसवला होता! मग त्याच्या अलीकडचा हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. नवाकोरा कागदी फिल्टर तेलानं चिंब. पूर्वीचे जाळीचे फिल्टर बाबा असेच तेलात भिजवायचे. त्यांचा शेवटचा हात फिरल्याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर पडत नाही. मी सेन्सर साफ केला, फिल्टर बदलला. इंजिन ताळ्यावर आलं. “कुणाचा हा उद्योग?” गिऱ्हाईक तडकलं. भिजका फिल्टर बघून बाबा भडकले, “कागदाला कुणी तेल लावतं? पोरी, असल्या माणसाला गाडीला हातच लावू देऊ नकोस!” मग तेलाची बाटली उचलून सवयीनं बॉनेटकडे वळले. मी बॉनेट दाबून धरलं.