पायांना गप्प बसवा

“बाबा, थांबा! तलाव रिकामा करायचाय का?”

मुलीची शिट्टी वाजली आणि बाबा दोन रांगांमधल्या दोरीला लटकले. त्यांच्या मागे पाण्याला अजून उकळी फुटलेली होती. शेजारच्या रांगेत पोहणाऱ्या बाई केव्हाच पार पलीकडच्या भिंतीकडे सरकल्या होत्या.

बाबांनी उभी हयात जुन्या सामानाचे लिलाव पुकारले. तिथे जीभ जशी चालायची, तसेच पाण्यात त्यांचे पाय चालायचे. छोट्या अंतराला ते खपून जाई. पण मागच्या वर्षी धरणातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत अर्ध्यावरच त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि त्यांना नावेत ओढून घ्यावं लागलं. नावेतही पाय चालूच होते. नावाड्याचा जेवणाचा डबा लाथ बसून पाण्यात गेला. काठावर सगळा बाजार हे बघत उभा होता, कारण बाबांनीच सगळ्यांना आग्रहानं बोलावलं होतं. यंदा संयोजकांनी स्पष्ट सांगितलं, प्रशिक्षकाने हमी दिली तरच पाण्यात उतरा. शर्यत रविवारी होती आणि प्रशिक्षक त्यांची मुलगीच होती.

“पाय थांबवले की मी बुडतो,” बाबा म्हणाले.

“थांबवू नका, कमी मारा. उजवा हात पुढे पाण्यात शिरला की डावा पाय एकदाच खाली. डावा हात शिरला की उजवा पाय. मधल्या वेळात पायांना गप्प बसवा.”

“गप्प?”

“हो. तुम्हाला अवघड आहे, ठाऊक आहे मला.”

काठावरच्या बाकावर आई बसली होती. ती आज मुद्दाम आली होती. मुलगी ‘नाही’ म्हणेल, ते आपल्या कानांनी ऐकायचं आणि रविवारी निवांत झोपायचं, एवढाच तिचा बेत होता.

बाबा निघाले. उजव्या हाताबरोबर उजवाच पाय गेला. ते सुधारायला गेले तर दोन्ही पाय एकदम गेले. मग हात कुठला आणि पाय कुठला, याचा विचार करता करता सगळंच थांबलं आणि ते तळाशी जाऊन बसले. वर आले ते बोलतच आले.

“उजव्या हाताला डावा पाय! हे उफराटं ठरवलं कुणी?”

“बाबा, तुम्ही चालता तेसुद्धा असंच.”

बाबांचा विश्वास बसेना. खात्री करायला ते उथळ पाण्यात चालून बघू लागले. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्याला आपण नेमके कसे चालतो ते पाहू लागले आणि चालणंही विसरले.

शेवटी मुलीने गळ्यातली शिट्टी आईच्या हातात दिली आणि पाण्यात उडी घेतली. “माझ्या मागे या. कसलाही विचार करू नका. फक्त माझे पाय बघा. मी मारला की तुम्ही मारायचा.”

पाण्याखाली बाबांना तिचे तळवे दिसले. एक पाय खाली गेला, कंबर वळली, हात पुढे लांबला आणि मग काहीच नाही. नुसतं सरकणं. पोरगी दमली की काय, असं त्यांना वाटलं. पण ती पुढे जात होती. ते घाबरून पाय झोडणार, एवढ्यात तिचा दुसरा पाय खाली गेला, तसा त्यांचाही गेला. त्यांची कंबर आपसूक वळली. हात लांबला. आणि पुन्हा काहीच नाही. त्या शांततेत त्यांना बुडबुड्यांचा आवाज आला. इतकी वर्षं पोहत होते, पण तो कधी ऐकलाच नव्हता.

ते भिंतीला वळले, परत आले, पुन्हा गेले. पाणी सपाट झालं होतं. बराच वेळ नवऱ्याचा काहीच आवाज नाही म्हणून आई धावत काठाशी आली. “अहो?”

कितव्या तरी फेरीला बाबांच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलेली नाही. तिथेच घोटाळा झाला. त्यांनी मुलीच्या टाचेला बोट लावलं. पुढे जायचंय, अशी ती पोहणाऱ्यांची खूण. मुलगी बाजूला झाली. बाबांच्या समोर आता मोकळं पाणी होतं आणि लगेच पाय सुटले. पहिल्याच सपाट्यात आई नखशिखांत भिजली.

बाबा भिंतीला टेकले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता. मागून मुलगी सावकाश आली.

“जमलं... ना?”

“जमलं होतं. मी हमी देते. पण रविवारी मीही उतरणार आणि शेवटपर्यंत तुम्ही माझ्या मागे राहायचं. कबूल?”

बाबांनी घासाघीस करायला तोंड उघडलं. श्वास पुरला नाही. त्यांनी मान डोलावली.

मुलीने जरा बिचकतच आईकडे पाहिलं. आई केसांतलं पाणी निपटत होती.

“आई, रागावलीस?”

आईने चपला काढून बाजूला ठेवल्या, काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले.

“हे शिकायला किती दिवस लागतात गं?”

“कुणाला?”

“मला.” आई पाण्याकडे बघत म्हणाली, “लग्न झाल्यापासून रस्त्यात मी यांची पाठच बघत आलेय. यांनी माझी अजून पाहिलेली नाही.”