गुलाबाला हात लावायचा नाही

“गुलाबाला हात लावायचा नाही,” बायकोनं चपला घालता घालता बजावलं. “आणि तो खताचा ढीग राहू दे तसाच. तुमच्या कमरेला नाही झेपायचा.”

साहेब चहाचा कप घेऊन दारात उभे होते. बायको चार दिवस बहिणीकडे चालली होती. फाटकापाशी गेल्यावर ती पुन्हा वळली. रिकाम्या कुंड्या मी आल्यावर धुईन, तुमच्या हातून फुटतील, एवढंही सांगून झालं, आणि मग कुठे ती रिक्षात बसली.

साहेब म्हणजे कुठले मोठे अधिकारी नव्हेत. कारखान्यात सुपरवायझर होते, दोनशे माणसं हाताखाली, म्हणून गल्ली अजून साहेब म्हणायची. घरात मात्र टॉवेल कुठल्या खुंटीला टांगायचा हेसुद्धा त्यांच्या हातात नव्हतं. बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि शाळेतली सगळी शिस्त घेऊन घरी आली. बागेत तर साहेबांची नेमणूक पाण्याचा पाइप धरण्यापुरतीच होती, तीही ती म्हणेल त्या वाफ्याला. या घरात एकदा तरी, एखाद्या कुंडीपुरतं का होईना, आपलं चालावं एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ते भांडायलाही तयार होते.

पावसाळा नुकताच सरला होता. गुलाब नुसते वाढून बसले होते, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळली, आणि साहेबांनी कपाटातून कात्री काढली.

पहिल्या दिवशी त्यांनी एकोणीस गुलाब छाटले. बाहेरच्या बाजूचा कोंबाचा डोळा बघायचा, त्याच्या बोटभर वर तिरका काप द्यायचा, वाळलेली फांदी बुडापासून उडवायची. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते, पण जेवताना ते मिशीतल्या मिशीत हसत होते. दुसऱ्या दिवशी खताचा ढीग. शेजारचे कंपाउंडर भिंतीवरून डोकावले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, वहिनी नाहीत वाटतं घरी. साहेबांनी उत्तरादाखल आणखी एक फावडं उपसलं. ढीग तळापासून उलथून झाला तेव्हा कमरेनं बंड पुकारलं होतं. तिला कोण विचारतो? तिसऱ्या दिवशी बत्तीस कुंड्या घासूनपुसून उन्हात पालथ्या घातल्या. एक फुटली, ती खताच्या ढिगात पुरली. चौथ्या दिवशी खुरप्यांना धार लावली, दांड्यांना तेल चोळलं आणि ते वाट बघत बसले.

भाषण तयार होतं. घर माझंही आहे, बाग माझीही आहे, बेचाळीस वर्षं ऐकून घेतलं, आता बास. आरशासमोर दोनदा म्हणूनही झालं होतं.

बायको संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवून तिनं बागेवरून नजर फिरवली. गुलाबांचे बुटके खुंट पाहिले, ढीग पाहिला, कुंड्या पाहिल्या. तिचा चेहरा पडला.

“केलंत ना शेवटी मनासारखं?” असं म्हणून तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि ती आत निघून गेली.

बस्स, एवढंच. भाषणाची गरजच पडली नाही. साहेबांना अंगणात नाचावंसं वाटलं, पण कंबर परवानगी देईना. चारी मुंड्या चीत केल्याच्या थाटात ते मागच्या अंगणात खुरपी आवरायला गेले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत बायको बहिणीशी फोनवर बोलत होती.

“अगं, सगळं झालंय. खतसुद्धा उलथलंय. पस्तीस वर्षं शेवटच्या बाकावरची पोरं सांभाळली मी. तसल्या पोराला ‘कर’ म्हटलं की ते बसतं, ‘करू नको’ म्हटलं की उठतं.” मग ती हसली. “आणि गुलाबांना कात्री लावायची म्हणजे माझ्या जिवावर येतं बाई. ह्यांचा हात बघ कसा चालतो. उद्या टाकीचं सांगते.”

साहेब एका पालथ्या कुंडीवर टेकले. चार दिवसांचे सगळे ओरखडे एकदम चुरचुरायला लागले. संताप आला, लाज वाटली, आणि हात बघ कसा चालतो हे आठवून जरा बरंही वाटलं, त्याचा त्यांना आणखीच राग आला. मग हळूच उठले आणि निमूटपणे जेवायला गेले.

बागेच्या कोपऱ्यातल्या टाकीत वर्षभराचा गाळ साचला होता, शेवाळानं भिंती हिरव्यागार झाल्या होत्या. सकाळी चहा देताना बायकोनं विषय काढलाच. टाकी किती निसरडी झालीय, आत उतरायचं म्हणजे केवढा धोका, असं बरंच काही ती बोलली.

“तुम्ही मात्र तिकडे फिरकायचंसुद्धा नाही हं,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला नाहीच जमायचं ते.”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. वर्तमानपत्राचं पान उलटलं. घडी नीट केली.

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणशील तसं.”

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोचं ‘करू नको’ ऐकलं होतं, आणि मुख्याध्यापिकाबाई हातात बशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.