हरळी

भूकंपात केवळाबाईचं गाव पडलं, तेव्हा गावकऱ्यांसोबत फोटो काढून घ्यायला लई साहेब आले. पण लातुरात आपल्या बंगल्याचं फाटक उघडलं ते एकट्या वहिदाबींनी. अख्खा हिवाळा गावातली माणसं त्यांच्या लॉनवर राहिली. चुली पेटल्या, शेरडं चरली, गवताची पार माती झाली.

पुढच्या आषाढात केवळाबाई पोतंभर हरळी घेऊन बंगल्यावर आली. जन्मभर शेतातून उपटून फेकलेलं ते गवत आता तीच मुळी-मुळी करून लावत बसली.

हैदराबादहून आलेला वहिदाबींचा मुलगा आसिफ वैतागला. "अम्मी, यांनीच लॉनची वाट लावली. आता फरशी टाकू, क्लासच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधू. यांच्यावर अजून किती उपकार करणार?"

केवळाबाईचा हात थांबला.

वहिदाबी पदर खोचून तिच्याशेजारी चिखलातच बसल्या. "उपकार कुणी कुणावर केले रे? रोज जमीन हलून राहिली होती. छताखाली झोपायची माझी छाती न्हवती, आन् उघड्यावर एकली बाई झोपणार कशी? या लोकांच्या मधोमध माझा डोळा लागायचा. तुला कधी इचारायचं सुचलं का, अम्मी झोपते कुठं म्हणून?"