कोळशाची टाकी

"गाळ गेला, वास गेला, जंतू गेले. लघवीतून येणारं फिटच्या गोळीचं औषध मात्र पाण्यात जसंच्या तसं," लॅबवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली उजेडात धरली. पाणी काचेसारखं नितळ होतं.

वसाहतीच्या सांडपाणी केंद्राच्या ऑपरेटरने डोकं खाजवलं. "मग आता काय करायचं हो?"

"आता कोळशाची टाकी. असलं औषध कोळसाच धरून ठेवतो. पुढच्या तपासणीत पुन्हा सापडलं, तर साहेब तुमची लांबच्या केंद्रावर बदली करणार, तिथे कुटुंब नेता येत नाही. सांगून ठेवते."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिच्यापासून काही लपवायची त्याला सवयच नव्हती.

"अख्ख्या वसाहतीत ही गोळी घेणारी तू एकटी," तो हसत म्हणाला. "आमच्या सगळ्या टाक्यांना पुरून उरलीस की गं!"

"इतकी वर्षं तुम्हाला पुरून उरले, टाक्यांचं काय घेऊन बसलात?" तीही हसली. मग भाजी निवडणारा हात थांबला. "बदली झाली तर मी एकटी कशी राहू हो?"

गोळी चुकली की ती उभ्या उभ्या कोसळायची. मागे एकदा शेगडीपाशी पडली होती. कोपरावरचा डाग अजून गेला नव्हता. तेव्हापासून दूध तोच तापवायचा.

कोळशाची टाकी आली. फिटरने पाइप जोडले. ऑपरेटरने टाकीला स्वतः रंग दिला. सकाळी निघताना तो बायकोच्या हातावर गोळी ठेवायचा.

"घेते हो. चहा तरी होऊ दे. निघा तुम्ही, उशीर होईल."

तपासणीची माणसं येऊन बाटल्या भरून घेऊन गेली. निकाल आला तेव्हा बाई धावतच बाहेर आल्या. "गोळीचा मागमूस नाही!"

त्याचा जीव भांड्यात पडला. जाता जाता त्याने टाकीच्या पोटावर प्रेमाने थाप मारली.

घरी बायको दारातच उभी होती. कपाळावर टेंगूळ.

"हे काय गं?"

"कपाटाचं दार लागलं. ते जाऊ द्या, निकालाचं सांगा."

"पास! तुझ्या गोळीला कोळसा भेटला शेवटी!"

ती इतकी खुलली की टेंगूळ विसरून तोही हसत बसला. तिने चहा आणला. कप बशीत खडखडत होता.

तेवढ्यात फिटरचा फोन आला. "दादा, गडबड झालीय. कोळशाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचाच राहिला होता. इतके दिवस पाणी जुन्याच पाइपने जात होतं. आत्ता उघडला. साहेबांना नका सांगू हं."

त्याने फोन खाली ठेवला. तिच्या कपाळाकडे बघत राहिला.

"अगं... गोळी?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "तुमची बदली टळली ना?"